कंडेन्स्ड सॅन्स-सेरिफ: अरुंद अक्षर पारखण्याची आणि वापरण्याची रीत

मथळा रकान्यात मावत नाही, ही मराठी मजकुराची मांडणी करणाऱ्याची जुनी अडचण आहे. ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या’, ‘अर्थसंकल्पीय’, ‘महानगरपालिकेसमोर’ यांसारखे शब्द प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये पोटात घेऊन एकसंध उभे राहतात, त्यांना मधेच तोडता येत नाही आणि दोन-तीन शब्दांतच ओळ संपते. अशा वेळी अक्षर लहान करावे तर मथळ्याचा जोर जातो, आणि संगणकावर चौकट धरून ते आडवे दाबावे तर अक्षराचे रूप बिघडते. यावरचा धड उपाय म्हणजे मुळातच अरुंद घडवलेला, म्हणजे कंडेन्स्ड, सॅन्स-सेरिफ (रेघांच्या टोकांना छोटे फाटे नसलेला) फॉन्ट. मात्र हा फॉन्ट जागा फुकट देत नाही. आडवी जागा जितकी वाचते तितका भार उभ्या जागेवर पडतो, आणि शिरोरेषेच्या वर-खाली चिन्हांचे थर असलेल्या देवनागरीत हा भार रोमनपेक्षा बराच अधिक असतो. फॉन्ट निवडताना, ओळींमधले अंतर ठरवताना आणि तो कोठे वापरू नये हे ओळखताना हाच हिशेब पुन्हा पुन्हा करावा लागतो.

दाबलेले अक्षर कसे ओळखावे

अक्षर दाबून अरुंद करण्याची सोय फार जुनी नाही. शिशाचा किंवा लाकडाचा खिळा ओढून-ताणून बदलत नसे. रुंदी कमी हवी असेल तर वेगळा संच कोरावा लागे. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स याने १८२८ मध्ये लाकडी टाइपांची सूची काढली, आणि त्यानंतरच्या दशकांत अमेरिकी जाहिरातपत्रकांसाठी रुंद, अरुंद आणि अतिअरुंद असे संच मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले, कारण शब्द छोटा असो वा लांब, त्याने पत्रकाची पूर्ण रुंदी भरून काढावी अशी तेव्हाची पद्धत होती. मॉरिस फुलर बेंटन याने १९०३ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी आखलेला अल्टरनेट गॉथिक तीन स्वतंत्र रुंदींत घडवलेला होता, आणि आज वेबवर सर्रास दिसणारे लीग गॉथिक व ऑस्वाल्ड हे फॉन्ट त्याच घराण्यातले आहेत. पुढे फोटोटाइपसेटिंगमध्ये, म्हणजे प्रकाशाने फिल्मवर अक्षरे उमटवण्याच्या पद्धतीत, भिंगाच्या साहाय्याने अक्षर चेपता येऊ लागले, आणि डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील मांडणीच्या, काळात तर ‘हॉरिझॉन्टल स्केल’चा आकडा बदलला की काम झाले. युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये अरुंद देवनागरी क्वचितच मिळत असल्यामुळे मराठीत दाबलेला मजकूर इतका अंगवळणी पडला, की आजही पुष्कळ ठिकाणी तो दोष म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही.

दाबल्याने नेमके काय बिघडते, हे एका छोट्या हिशेबातून समजते. समजा, एका अक्षरातील उभी दांडी १६ एकक आणि आडवी रेघ १४ एकक जाड आहे. ते अक्षर ७० टक्के रुंदीवर दाबले की उभी दांडी ११.२ एककांवर येते, आडवी रेघ मात्र १४ एककांचीच राहते. आडवी रेघ उभ्या रेघेइतक्याच जाडीची काढली तरी डोळ्याला ती जास्त जाड भासते, म्हणून अक्षररचनाकार ती मुद्दाम किंचित बारीक ठेवतो. दाबण्यामुळे हा सगळा तोल उलटा होतो. देवनागरीत त्याचा परिणाम लगेच दिसतो, कारण शिरोरेषा ही आडवी रेघ प्रत्येक अक्षरावर असते. ती जाडच राहते, खालचे काने काटकुळे होतात आणि सगळा शब्द वरून जड झाल्यासारखा वाटतो.

म्हणून समोरचे अक्षर दाबलेले आहे की घडवलेले, याची शंका आली तर ‘संबंध’ हा शब्द मोठा करून पाहावा. प्रथम शिरोरेषा आणि उभी दांडी यांची जाडी ताडून पाहावी. त्यानंतर अनुस्वाराच्या टिंबाकडे पाहावे: घडवलेल्या अरुंद फॉन्टमध्ये टिंब बहुधा गोल किंवा चौकोनी राखलेले असते, दाबलेल्या मजकुरात ते उभे अंडाकृती होते. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघही फसवत नाही, दाबल्यावर ती उभी होत जाते आणि तिची जाडी शेजारच्या दांडीशी जुळेनाशी होते. या तीन जागा पाहण्याची सवय लागली, की दुकानाच्या पाट्या आणि निवडणुकीचे फलक वाचताना मजकुराआधी दाबलेले टिंबच दिसू लागते, एवढा तोटा मात्र सहन करावा लागतो.

अरुंद अक्षर घडवताना रचनाकार काय करतो

रोमन लिपीत अरुंद सॅन्स-सेरिफ घडवण्याची मुख्य युक्ती म्हणजे गोल अक्षरांच्या बाजू सरळ करणे. ‘ओ’ हे अक्षर वर्तुळ किंवा लंबगोल न राहता, वर आणि खाली गोलाई असलेल्या दोन उभ्या भिंतींसारखे होते. त्यामुळे अक्षराच्या आतली पोकळी अरुंद असूनही उघडी राहते, आणि गोल अक्षर व सरळ दांडीचे अक्षर शेजारी बसल्यावर सगळ्या उभ्या रेघा खिडकीच्या गजांप्रमाणे जवळजवळ समान अंतरावर येतात. अरुंद फॉन्टचा सारा डौल या समान अंतरात असतो. अक्षराच्या आतली पोकळी आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा यांचे प्रमाण जुळले नाही, तर ओळ मधेच दाट, मधेच विरळ दिसते आणि वाचताना डोळा अडखळतो. म्हणूनच अरुंद फॉन्टमध्ये अक्षरांमधले अंतरही मुळातच कमी राखलेले असते.

दुसरी गोष्ट सांध्यांची. कमान दांडीला जिथे मिळते तिथे काळेपणा साचतो, म्हणून रचनाकार त्या ठिकाणी रेघ बारीक करत नेतो. मॅथ्यू कार्टर याने १९७८ मध्ये अमेरिकेतील एटी अँड टीच्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी केलेल्या बेल सेंटेनियल या अरुंद फॉन्टमध्ये तर सांध्यांच्या जागी सरळ खाचाच पाडल्या होत्या, कारण स्वस्त कागदावर वेगाने छापताना शाई पसरून त्या खाचा भरून निघणार हे त्याने गृहीत धरले होते. मोठ्या मथळ्यात अशा खाचा डोळ्यांत खुपतात. लहान अक्षरांसाठीचा आणि मोठ्या अक्षरांसाठीचा अरुंद फॉन्ट एकच नसतो, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

देवनागरीत हे काम अधिक किचकट आहे, कारण तिच्या अक्षरांच्या रुंदीत मोठी तफावत आहे. ‘र’, ‘ट’ किंवा नुसता काना मुळातच इतका अरुंद असतो की त्यातून आणखी काही काढता येत नाही. ‘अ’, ‘ख’, ‘ण’, ‘झ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही अक्षरे रुंद असतात, पण त्यांच्यात रेघाही जास्त असल्यामुळे त्यांना आवळण्याला मर्यादा पडते. म्हणजे कपात करायची ती समप्रमाणात करता येत नाही, प्रत्येक अक्षराशी वेगळी घासाघीस करावी लागते. ‘क’ आणि ‘फ’ या अक्षरांत दांडी मध्यावर असून दोन्ही बाजूंना आकार आहेत, त्यामुळे डावीकडचा फुगा आणि उजवीकडचा आकडा दोन्ही आत ओढावे लागतात, आणि ते करताना उजवा आकडा शेजारच्या अक्षराच्या दांडीला चिकटणार नाही एवढी फट राखावी लागते.

त्याहून नाजूक बाब सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषेतल्या एका छोट्या फटीवर आणि वळणावर टिकलेला असतो. फॉन्ट अरुंद आणि ठळक होत गेला की ही फट बुजू लागते आणि ‘धन’ हा ‘घन’ वाचला जाण्याचा संभव निर्माण होतो. ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटातली तिरपी रेघ पोकळी भरून टाकते आणि दूरवरून ते ‘व’ आणि ‘प’ वाटतात. ‘रवा’ हा शब्द ‘खा’ असा दिसू लागला, तर त्या फॉन्टमध्ये ‘र’ आणि ‘व’ यांच्यातील अंतर गरजेपेक्षा जास्त खाल्ले आहे असे खुशाल समजावे. चांगला रचनाकार अशा ठिकाणी रुंदीचा नियम मोडतो, अक्षराला दोन एकक जास्त देतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

जोडाक्षरांमध्ये आडव्या-उभ्या जागेची देवघेव अगदी उघडपणे दिसते. ‘न्म’ किंवा ‘च्या’ यांतील पहिल्या अक्षराची दांडी गळून पडते, त्यामुळे ते शेजारी शेजारी बसूनही थोडक्यात आटपतात. परंतु ‘ट्ट’, ‘द्ध’, ‘ड्ढ’ यांसारखी जोडाक्षरे एकाखाली एक रचली तर रुंदी वाचते आणि उंची वाढते; पाय मोडून शेजारी लिहिली तर उंची वाचते आणि रुंदी जाते. अरुंद फॉन्टचा रचनाकार साहजिकच रचण्याकडे झुकतो, मग त्या उतरंडीला जागा देण्यासाठी खालच्या अक्षराचा आकार लहान करतो, आणि ठळक वजनात, म्हणजे जाड रेघांच्या रूपात, त्या लहान अक्षराच्या पोकळ्या बुजतात. ‘उद्ध्वस्त’ हा शब्द कोणत्याही अरुंद देवनागरी फॉन्टची खरी परीक्षा घेतो.

फॉन्ट कसा निवडावा

निवडीची पहिली कसोटी म्हणजे त्या फॉन्टमध्ये रुंदीचे खरे पर्याय आहेत का, ही होय. आड्रियन फ्रुटिगर याने १९५७ मध्ये युनिव्हर्स हा फॉन्ट २१ रूपांसह आणला तेव्हा रुंदी आणि वजन दोन्ही एकाच कुटुंबात आधीपासून आखलेली होती. त्याच्या आकड्यांच्या पद्धतीत पहिला अंक वजन आणि दुसरा अंक रुंदी दाखवतो, त्यामुळे ५५ हे मूळ रूप, ५७ हे त्याच वजनाचे अरुंद रूप आणि ५९ हे अतिअरुंद रूप ठरते. हीच कल्पना २०१६ मध्ये जाहीर झालेल्या व्हेरिएबल फॉन्टच्या तंत्राने सलग केली: आता ठरावीक टप्पे न घेता रुंदीच्या आणि वजनाच्या अक्षावर कोणताही आकडा निवडता येतो (रुंदीच्या अक्षावर १०० म्हणजे नेहमीची रुंदी), आणि फॉन्ट प्रत्येक आकड्यावर दांड्यांची जाडी आपणहून सांभाळतो.

मराठीसाठी आज अशी कुटुंबे उपलब्ध आहेत आणि त्यांतील बरीच मुक्त परवान्याखाली मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने २०२२ मध्ये आणलेला ‘अनेक देवनागरी’ हा फॉन्ट रुंदीच्या अक्षावर ७५ पासून १२५ पर्यंत आणि वजनाच्या अक्षावर १०० पासून ८०० पर्यंत जातो. शिवाय ‘अनेक’ हे कुटुंब दहा लिप्यांत असल्यामुळे मराठी, इंग्रजी, गुजराती आणि कन्नड एकाच फलकावर आणायची असतील तर तो विशेष सोयीचा पडतो. नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट रुंदीच्या अक्षावर ६२.५ पर्यंत खाली उतरतो. इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको आणि खंड हे फॉन्ट अरुंद मथळ्यांसाठीच घडवलेले आहेत. तेकोचा बांधा चौकोनी आणि रेघ जवळजवळ एकाच जाडीची आहे, तर खंडच्या पोकळ्या अधिक उघड्या आहेत. ब्वेनोस आयरेसच्या ऑम्निबस-टाइपचा प्रगती नॅरो हा त्या मानाने सौम्य अरुंद आहे, मात्र त्याची वजने दोनच आहेत. माझे मत विचाराल तर तेको एक-दोन शब्दांना शोभतो, लांब मथळ्याला खंड बरा, आणि एकाच पानावर मथळा, उपमथळा, तक्त्याचे शीर्षक असे सगळे सांभाळायचे असेल तेव्हा ‘अनेक’ला पर्याय शोधण्याची गरज भासत नाही.

नावावरून किंवा नमुना ओळीवरून फॉन्ट ठरवू नये, कारण नमुना ओळीत अडचणीचे शब्द नसतात. स्वतःची एक चाचणी ओळ तयार करून ठेवावी आणि प्रत्येक फॉन्ट तिच्यावर घासून पाहावा. ‘मूर्तींना’ या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांशेजारी दाटी करतात. ते तिन्ही वेगळे ओळखू येतात का ते पाहावे. ‘अस्तित्व’ या शब्दातल्या पहिल्या वेलांटीची कमान ‘त’च्या दांडीपर्यंत पोहोचते, की ‘स्’वरच अडखळते, हे पाहावे. ‘वऱ्हाड’ आणि ‘तऱ्हा’ यांतला अर्धा ‘र’ मराठीला हवाच. तो न आल्यास तो फॉन्ट मराठी कामासाठी बाद समजावा. ‘कॅमेरा’ आणि ‘डॉक्टर’ यांतील अर्धचंद्र चपटा होऊन नुसत्या मात्रेसारखा दिसत नाही ना, ‘राष्ट्र’ आणि ‘हृद्रोग’ यांचे खालचे आकार भरून जात नाहीत ना, हेही याच ओळीत तपासून होते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे फॉन्टमध्ये असली तरी ती पुष्कळदा आपणहून येत नाहीत. वेबपानाची किंवा मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली, तरच फॉन्ट हिंदी वळण सोडून मराठी वळण दाखवतो. ही नोंद करायला क्षणभर लागतो आणि तरी ती बहुतेक ठिकाणी राहून जाते.

मांडणी करताना

मजकूर सर्वप्रथम नेहमीच्या रुंदीत, हव्या त्या आकारात लावून पाहावा आणि तो किती बाहेर जातो याचा अंदाज घ्यावा. जादा भाग दहा टक्क्यांच्या आत असेल तर अरुंद फॉन्टकडे धावण्याऐवजी एखादा शब्द बदलावा. ‘च्या संदर्भात’ काढून ‘बाबत’ लिहिल्याने जितकी जागा सुटते तितकी कोणताही फॉन्ट देत नाही. जादा भाग साधारण दहा ते पंचवीस टक्के असेल तेव्हा अरुंद रूप योग्य ठरते. त्याहून जास्त असेल तर ओळ दोन ओळींत तोडावी किंवा मथळा नव्याने लिहावा, कारण त्यापुढे देवनागरी अक्षर ओळखण्याचा वेग झपाट्याने घसरतो.

व्हेरिएबल फॉन्ट हाताशी आला की प्रत्येक मथळ्याला त्याच्या मापाची रुंदी देण्याचा मोह होतो: एकाला ८३, दुसऱ्याला ७६, तिसऱ्याला ९१. असे केल्यास पानावरचा प्रत्येक मथळा वेगळ्या फॉन्टमध्ये असल्यासारखा दिसतो आणि वाचकाला कारण न कळताही पान विस्कळीत वाटते. संपूर्ण प्रकाशनासाठी दोनच रुंदी ठरवाव्यात, उदाहरणार्थ १०० आणि ८०, आणि त्या मोडायची परवानगी कोणालाही देऊ नये. वेबवर यासाठी सीएसएस या वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील ‘फॉन्ट-स्ट्रेच’ हा गुण वापरता येतो. तिथे ‘कंडेन्स्ड’ म्हणजे ७५ टक्के आणि ‘सेमी-कंडेन्स्ड’ म्हणजे ८७.५ टक्के असा संकेत आहे. फॉन्टमध्ये ती रुंदी नसेल तर ब्राउझर अक्षर दाबत नाही, जवळची उपलब्ध रुंदी दाखवतो, हे चांगलेच आहे.

ओळींमधील अंतर हा अरुंद देवनागरीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. इंग्रजी पोस्टरांवर अरुंद अक्षरांच्या ओळी एकमेकींना जवळजवळ चिकटवलेल्या दिसतात, आणि तो ठोकळेबाज परिणाम पाहून मराठीतही तसेच करावेसे वाटते. इंग्रजीत ते साधते, कारण तिथे सर्व अक्षरे मोठ्या लिपीत (कॅपिटलमध्ये) घेतली की वर जाणारे आणि खाली उतरणारे भागच उरत नाहीत. देवनागरीत मोठी लिपी नाही. मात्रा, रफार, अनुस्वार वर आणि उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटे खाली राहणारच. त्यामुळे इंग्रजीत अक्षराच्या आकाराइतके किंवा त्याहून कमी अंतर चालत असले, तरी मराठी मथळ्यासाठी १.१५ ते १.३ पट अंतर धरावे. हे अंतर ठरवताना वरच्या ओळीत ‘कर्तृत्व’ आणि बरोबर त्याच्या खाली ‘मूर्तींना’ हा शब्द ठेवून पाहावे. वरच्या शब्दाचा ऋकार आणि खालच्या शब्दाची वेलांटी यांमध्ये स्पष्ट फट उरली तर बाकीचे शब्द आपोआप निभावतात. प्रत्यक्ष मथळ्यात टक्कर होत असेल, तर सगळ्या मथळ्याचे अंतर वाढवण्यापेक्षा ओळ दुसऱ्या शब्दावर तोडून पाहणे अधिक शहाणपणाचे असते.

अक्षरांमधले अंतर मात्र आहे तसेच ठेवावे. रोमन अरुंद फॉन्टला मोठ्या लिपीत थोडे अंतर दिलेले शोभून दिसते, पण देवनागरीत अंतर वाढवले की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द सुट्या अक्षरांची माळ होतो. अंतर उणे केले तर शेजारच्या अक्षरांचे काने आणि आकडे एकमेकांवर चढतात. शब्दांमधली जागा अरुंद फॉन्टमध्ये आधीच कमी असते. शिरोरेषा जिथे तुटते तिथेच शब्द संपल्याचे कळते, म्हणून ती जागा आणखी आवळू नये.

वजन निवडताना एक पायरी खाली उतरावे, असा माझा सल्ला आहे. नेहमीच्या रुंदीत जिथे बोल्ड वापरले असते, तिथे अरुंद रूपात सेमीबोल्ड पुरते, कारण पोकळ्या लहान झाल्याने तोच ठळकपणा जास्त काळा दिसतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर आणखी एक पायरी उतरावी. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडलेला असल्याची खात्री करावी. नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरे जागा सोडतात आणि दोष उगाच फॉन्टच्या माथी येतो.

कोठे वापरावा, कोठे टाळावा

बातमीचा मथळा, तक्त्याचे शीर्षक, वेळापत्रक, वेष्टनाची अरुंद बाजू, दूरचित्रवाणीच्या पडद्याखालची पट्टी, गुणफलक: जिथे मजकूर थोडा, रुंदी ठरलेली आणि उंचीला वाव आहे, तिथे अरुंद सॅन्स-सेरिफ खुलून दिसतो. अमेरिकी चित्रपटांच्या पोस्टरवर तळाशी दिसणारी श्रेयनामावली इतकी अतिअरुंद का असते, याचे कारणही याच स्वरूपाचे आहे: करारांमध्ये नावाच्या अक्षरांचे माप चित्रपटाच्या शीर्षकाच्या मापाशी बांधलेले असते, म्हणून उंची करारापुरती राखून रुंदी जमेल तितकी कमी केली जाते. तक्त्यांसाठी फॉन्ट निवडताना अंकांची रुंदी समान आहे का, हे देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही अंकांसाठी पाहावे. नाहीतर रकमांचे रकाने सरळ रेषेत उभे राहत नाहीत.

महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांबाबत हा विषय थेट कायद्याशी येऊन भिडतो. दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार नामफलकावर मराठी मजकूर सुरुवातीला असला पाहिजे आणि त्याच्या अक्षरांचा आकार इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. फलकाची रुंदी ठरलेली असते आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड होम अप्लायन्सेस’सारखे नाव देवनागरीत लांबलचक होते, त्यामुळे अरुंद देवनागरी इथे खरोखर उपयोगी पडते. मात्र दोन्ही लिप्यांना समान पॉइंट आकार दिला म्हणजे अक्षरे समान झाली, असे समजू नये. पॉइंट हे अक्षरामागच्या अदृश्य चौकटीचे माप आहे; त्या चौकटीतले किती भाग देवनागरी अक्षराला आणि किती वरच्या-खालच्या चिन्हांना द्यायचे, हे प्रत्येक फॉन्ट आपापल्या परीने ठरवतो. म्हणून शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या पायापर्यंतची उंची आणि इंग्रजी मोठ्या लिपीतील अक्षराची उंची प्रत्यक्ष मोजावी, आणि देवनागरीची उंची किमान तितकी येईल असा आकार ठरवावा. त्यानंतर वेलांट्या आणि उकारांसाठी फलकाच्या वर-खाली जागा उरते की नाही ते पाहावे. बहुतेक पाट्यांवर नेमकी हीच जागा विसरली जाते आणि उकार चौकटीच्या पत्र्याखाली दडतात.

सलग परिच्छेदांसाठी अरुंद फॉन्ट वापरू नये. उभ्या रेघांची दाटी चार ओळींपुरती सुसह्य असते, पानभर ती डोळ्यांना शिणवते. औषधाच्या वेष्टनावरील सूचना किंवा अर्जातील अटी अशा लहान मजकुरात जागा वाचवण्याचा मोह सर्वांत जास्त असतो आणि नुकसानही तिथेच सर्वांत जास्त होते. वेगाने जाताना वाचायच्या फलकांचेही तेच आहे. जर्मनीच्या १९३६ च्या डिन १४५१ या अक्षरांच्या मानकात मध्यम आणि अरुंद अशी दोन्ही रूपे आहेत, परंतु तिथल्या रस्त्यांवर मध्यम रूपाला प्राधान्य असून अरुंद रूप जागा खरोखर अपुरी असेल तेव्हाच वापरले जाते. गावांची लांब नावे आपल्याकडेही आहेत, म्हणून हा क्रम आपल्यालाही लागू पडतो.

छापण्यापूर्वी आणि कापण्यापूर्वी

पडद्यावर नीट दिसणारा अरुंद मथळा छापल्यावर बदलतो, म्हणून एक प्रत प्रत्यक्ष आकारात काढून, ज्या अंतरावरून तो वाचला जाणार आहे तितक्या अंतरावरून पाहावी. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते आणि फ्लेक्सवर बारीक फटी बुजतात. दोन्हीकडे ‘ध’ची फट आणि ‘ब’ची पोकळी पहिल्यांदा धोक्यात येते. अशा वेळी रुंदीत पाच एककांची वाढ किंवा वजनात एका पायरीची घट यांपैकी एकच बदल करावा आणि पुन्हा प्रत काढावी, म्हणजे कशाने फरक पडला ते कळते.

फाइल बाहेर पाठवताना अक्षरांचे आकारांत रूपांतर करण्याची प्रथा आहे. ते करण्याआधी मजकूर बदलता येईल अशी एक प्रत वेगळी जपून ठेवावी. व्हेरिएबल फॉन्टमध्ये एकाच अक्षराचे भाग पुष्कळदा एकमेकांवर चढलेले असतात, आणि देवनागरीत तर प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचा तुकडा शेजारच्या तुकड्यावर किंचित चढतोच. साध्या छपाईत हे दिसत नाही, पण अक्षरांना कडा दिली किंवा ती अर्धपारदर्शक केली की सगळे जोड उघडे पडतात, आणि व्हिनाइल कापणारा प्लॉटर तर त्या प्रत्येक जोडावरून पाते फिरवतो. म्हणून पाटीचे काम असेल तर कोरलड्रॉमधील ‘वेल्ड’ किंवा इलस्ट्रेटरमधील ‘युनाइट’ ही आज्ञा देऊन प्रत्येक शब्दाचा एकच आकार करून घ्यावा, आणि त्यानंतर ‘ब’, ‘ष’, ‘ध’, ‘भ’ या अक्षरांच्या पोकळ्या व फटी शाबूत आहेत याची खात्री करूनच फाइल कापायला द्यावी.